पिवळ्या दोरीचे मासे

४ फेब्रुवारी

चोवीस!

मागच्या वर्षी सोळाशे ढोले माशांच्या पाठीत टॅग टोचले — बोटभर पिवळी दोरी, तिच्यावर चार आकडी नंबर. आज मोजणी बंद केली. परत आले चोवीस. तीनदा मोजले. टेबलाखाली वाकून पाहिलं, एखादा घरंगळला असेल म्हणून. नाही. चोवीसच.

दुपारी धक्क्यावर मौनीकाकांनी गाठलं. बाबांचे होडीतले भागीदार. तोंडाला क्षणभर विश्रांती नाही, म्हणून अख्खा धक्का त्यांना मौनी म्हणतो. "चोवीस म्हणजे पास की नापास?" म्हणाले. मग मी सांगितलं — काका, डबाभर वाटाण्यांतून मूठभर काढा, रंगवा, परत टाका, डबा हलवा. पुन्हा मूठ भरा. मुठीत रंगीत दाणे पुष्कळ आले तर डबा लहान. एखादाच आला तर डबा मोठा.

"म्हणजे टॅग कमी आले ते चांगलं?"

"चांगलंच. मासा भरपूर आहे."

"मग तर आम्ही तुझ्यावर उपकारच केले गं!" आणि मांडीवर थाप मारून हसत सुटले. गळाला काही लागत नाही, त्यावरून थट्टा करतायत असं वाटलं. मीही हसले.

७ फेब्रुवारी

सहा लाख. नऊ हजार मासे धक्क्यावर तपासले, त्यांत टॅगवाले चोवीस, टोचले होते सोळाशे. उत्तर सहा लाख ढोले. गणित शाळकरी आहे, तरी दुसऱ्या कागदावर पुन्हा मांडलं.

बाईंना दाखवलं. बाई म्हणजे आमच्या मासे-संशोधन केंद्राच्या प्रमुख, एके काळच्या माझ्या शिक्षिका. चष्मा कपाळावर चढवून कागदाकडे बघत राहिल्या. "अगं, आपण दोन लाख धरून चाललो होतो!" खुर्चीतून उठल्या, मला जवळ घेतलं. बाई कुणाला जवळ घेत नाहीत.

आता मासेमारी समिती. बारा वर्षं खोलगा मोठ्या बोटींना बंद आहे. उपसागरातला सगळ्यात खोल खड्डा, विणीच्या दिवसांत ढोले तिथे गोळा होतात, नर संध्याकाळी पोटातून ढोल वाजवल्यासारखा आवाज काढतात. आत जायचं तर फक्त छोट्या होड्यांनी, गळ घेऊन. तीन लाखांच्या वर मासा असेल तर खोलगा मोठ्या जाळ्यांना उघडायचा, असं आधीच ठरलेलं. माझा आकडा त्याच्या दुप्पट.

९ फेब्रुवारी

जेवताना बाबांना सांगितलं. सहा लाख म्हटल्यावर घास हातातच राहिला.

"कोण म्हणतं?"

"गणित म्हणतं."

"गणित होडीत बसतं का?" मग हळू — "पोरी, मासा नाहीये गं. गळ टाकून अर्धा दिवस बसावं तेव्हा एक. खोलग्यात ढोल ऐकू येत नाही. वल्हं पाण्यात उभं धरून कानाला लावतो. नुसतं पाणी वाजतं."

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. साठ वर्षं वल्ह्याला कान लावून मासा शोधलेला. आणि मी काय म्हणाले? "बाबा, तुमच्या कानांचं वय काय झालं ते तरी बघा."

बोलून गेले. जिभेला हाड नाही म्हणतात ते खरं. बाबांनी ताट उचललं, धुतलं, पालथं घातलं. आई गेल्यापासून ते स्वतःचं ताट स्वतः धुतात, पण आज फार वेळ धूत होते.

१० फेब्रुवारी

न बोलता गेले. डबा ओट्यावरच राहिला.

१४ फेब्रुवारी

खोलग्यातल्या पाण्याखालच्या माइकची नोंद काढली. यंदा आवाज फारच कमी — तीन वर्षांपूर्वीच्या आवाजाचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. शिंपले चढले असणार माइकवर. पाणबुड्याला सांगितलंय वर काढून साफ करायला. अहवालात आवाजाचा तक्ता घेतला नाही. बिघडलेल्या यंत्राची नोंद कशाला घ्यायची?

बाबा अजून बोलत नाहीत. "मीठ", "दार", "येतो". एवढेच तीन शब्द.

१८ फेब्रुवारी

आज काय झालं ते लिहिताना लाज वाटतेय.

संध्याकाळी टेबलावर, माझ्या कागदांवर, एक घडी घातलेला कागद. वर पेपरवेट म्हणून शिशाचं वजन ठेवलेलं, गळाला बांधतात ते. उघडला तर कानाच्या डॉक्टरचा! बाबा एकटे दवाखान्यात गेले होते. सुई टोचायची म्हटली की घर सोडून पळणारा माणूस! कानाला यंत्रं लावून घेतली, टूंऽऽ वाजलं की बोट वर करायचं, ते सगळं केलं. खाली डॉक्टरचं अक्षर — उंच सूर कमी झालेत, वयाप्रमाणे. खालचे सूर उत्तम.

ढोल्याचा आवाज खालच्या सुरातला असतो. हे मला कुणी सांगायला नको.

बाबा अंगणात दोरी वळत बसले होते. माझ्याकडे पाहिलं नाही. माफी मागायला गेले होते, पण "चहा टाकू का?" एवढंच तोंडातून निघालं. "टाक," म्हणाले. तेवढ्यावर मिटलं असं आम्ही दोघं धरून चाललो.

२० फेब्रुवारी

अहवालावर सही केली. सहा लाखच लिहिलं. एका माणसाचे कान एकीकडे, नऊ हजार मासे दुसरीकडे. बाबा असले म्हणून काय झालं? विज्ञानात नातं नसतं, हे मीच नव्या मुलींना शिकवते.

२७ फेब्रुवारी

पाणबुड्या माइक घेऊन आला. शिंपला एकही नाही. यंत्र ठणठणीत.

मासे या वर्षी दुसरीकडे वाजवत असतील. असतील.

३ मार्च

समितीने आकडा मान्य केला. एक एप्रिलपासून खोलगा उघडणार. मोठ्या बोटींच्या मालकांनी टाळ्या वाजवल्या. मला पुढे बोलावून फूल दिलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी. वर्षअखेर निवृत्त होतायत, म्हणाल्या, "शेवट गोड झाला."

घरी आले तेव्हा बाबांना कळलेलं होतं. "उघडणार म्हणे," एवढंच. मग म्हणाले, "तू केलंयस म्हणजे नीटच केलं असशील." रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. खरंच तसं वाटून म्हणाले.

१२ मार्च

सकाळी टोप्यांचं खोकं घेऊन धक्क्यावर गेले. टॅग आणून देणाऱ्याला निळी टोपी, असं वर्षभर भिंतीवर लावलं होतं. चोवीस टोप्या वाटून टाकायच्या होत्या. यादी वाचत गेले. पहिला मोठ्या बोटीचा. दुसरा मोठ्या बोटीचा. चोवीसच्या चोवीस मोठ्या बोटींवरचे — खोलग्याच्या बाहेर जाळी ओढणारे. छोट्या होड्या एकतीस. त्यांतून एकही टॅग नाही. एकही!

आणि त्या एकतिसांत एक माझ्या घरची.

मौनीकाका बाकावर गळाला धार लावत होते. मी म्हटलं, "काका, तुम्हाला वर्षात एकदाही पिवळी दोरी दिसली नाही?"

"दिसली की! किती दिसल्या!"

"मग?"

"मग काय? सोडून दिले." चेहरा असा फुललेला, जणू आता मी त्यांनाही निळी टोपी देणार. "तुझ्या बाबाने पहिल्याच दिवशी सगळ्यांना उभं करून सांगितलं. म्हणाला, पोर अख्खा मोसम पाण्यात वाकून एकेकाला दोरी बांधत होती, बोटं फाटली तिची. तो लेकीचा मासा आहे. पिवळी दोरी दिसली की गळ हळू काढायचा आणि सोडायचा. मग काय, एकतीस होड्यांनी शब्द पाळला. टोपीसाठी तुझा मासा कापू? एवढे का आम्ही भिकार आहोत?"

मी खोक्यावर बसले.

"किती सोडले काका?"

"कोण मोजतंय! पुण्य काय मोजून करतात?"

मला पाणी आणून दिलं. ऊन लागलं असं वाटलं त्यांना.

१२ मार्च, संध्याकाळ

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं जागेवर येईल.

मुठीतले रंगीत दाणे कुणीतरी मुठीतून परत डब्यात टाकत होतं. मला मूठ रिकामी दिसली, मी म्हटलं डबा मोठा. डबा मोठा नव्हता. माणसं चांगली होती.

मोसमाच्या अर्ध्यावर प्रश्नावली फिरवली होती. टॅग लपवता का? छे. फेकून देता का? मुळीच नाही. सगळ्यांनी खरी उत्तरं दिली! सोडून देता का, हे विचारलंच नाही. माणूस भीतीने काय करतो, आळसाने काय करतो, वैराने काय करतो, सगळ्याचा विचार केला होता. मायेने काय करतो, त्याला रकाना नव्हता.

आणि घरच्या होडीतून वर्षभरात एक टॅग येत नाही, याचं मला नवलही वाटलं नाही. बाबांना विचारलं असतं एका वाक्यात. रोज समोर बसून जेवते मी त्यांच्या!

१३ मार्च

बाबांना सांगितलं नाही.

१५ मार्च

एकतीस होड्या फिरले. किती सोडले, आठवून सांगा. "पाच-पन्नास असतील." "दर खेपेला एखादा." "तुला किती हवेत ताई, तेवढे सांगतो." एकाने शंभर सांगितले, माझं तोंड पडलेलं बघून दीडशे केले. यातलं काहीही कागदावर घालता येत नाही.

सगळे लाडाने बोलतात. चहा पाजतात. मला तिथून पळून जावंसं वाटतं.

१७ मार्च

बाईंकडे गेले. सगळं सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी.

"अगं, धक्क्यावरच्या गप्पा मी समितीपुढे ठेवू?"

"बाई, आकडा चुकलाय."

"मग खरा किती? सांग ना. एक लाख? पन्नास हजार?" बाईंनी पेन पुढे केलं. "आकडा आकड्यानेच खोडता येतो. नुसतं चुकलं म्हणून नाही. बोटींनी जाळी घेतलीत, माणसं ठेवलीत. आणि समितीला पत्र लिहिशील, त्यात कारण काय देशील? माझ्या वडिलांनी सांगितलं म्हणून एकतीस होड्यांनी मासे सोडले? त्यांचं काय होईल या गावात, याचा विचार केलास?"

केलाय. दुसरा विचारच नाही डोक्यात.

"पुढच्या वर्षी पुन्हा मोजू," बाई म्हणाल्या. आवाज दुष्ट नव्हता. थकलेला होता.

पुढच्या वर्षी काय मोजणार? मासा विणीला एका जागी गोळा झालेला असतो. मोठी जाळी एका आठवड्यात खोलगा खरवडून नेतील.

२० मार्च

खोलगा उघडायला बारा दिवस उरले. बाबा मधूनमधून खुशीत असतात — टॅगवाला मासा भेटला की, हे आता कळतं मला. घरी येताना शीळ घालतात. मी वर्षभर समजत होते, धंदा बरा झाला असेल.

सांगायचं तर उद्या. नाहीतर कधीच नाही.

२१ मार्च

सांगितलं.

अंगणात समोरासमोर बसलो. वाटाण्यांचाच दाखला दिला, खरा डबा घेऊन, खरे वाटाणे. हळदीत घोळवलेले दहा दाणे. मूठ भरली, पिवळे दाणे वेचून परत टाकले, मूठ उघडून दाखवली. बाबा शहाणे आहेत. तिसऱ्यांदा मूठ उघडायच्या आधीच त्यांना कळलं.

डब्यातला एक पिवळा दाणा उचलून बोटांत धरला.

"म्हणजे," म्हणाले, "मी मारले असते, तर वाचले असते?"

खोटं बोलायचं मनात आलं. आलंच. पण त्यांनी कान तपासून आणले होते माझ्यासाठी.

"हो बाबा."

मान हलवली. दोनदा. मग म्हणाले, "मला विचारायचं तरी." मी म्हटलं, "मला सांगायचं तरी." यावर दोघांनाही हसू यायला हवं होतं. मी रडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण हात जड होता, उचलायचं विसरून गेल्यासारखा राहिला.

"समितीला पत्र लिही, त्यात माझं नाव घाल," म्हणाले. "होड्यांचं नको. त्यांनी माझं ऐकलं. नाव माझं."

मी सांगितलं, नावाने भागत नाही बाबा, आकडा लागतो. किती सोडले तो. आणि तो कुणाकडेच नाही.

उठून आत गेले.

२२ मार्च

होडी नेली नाही. साठ वर्षांत आजारपण सोडून पहिल्यांदा.

२३ मार्च

आजही नाही. मौनीकाका दारात येऊन उभे राहिले. शपथेवर सांगते, एक शब्द बोलले नाहीत.

मी पत्र लिहिलं. आकड्याच्या जागी रेघ सोडली. कारण पूर्ण लिहिलं, नावासकट. माझं आधी, खाली बाबांचं. चूक मोजणाऱ्याची आहे, सोडणाऱ्यांची नाही, असंही लिहिलं. बाईंच्या टेबलावर ठेवलं. नोकरी गेली तर गेली.

बाईंनी वाचलं, परत वाचलं, ती कोरी रेघ बोटाने दाखवली. "इथे काही असतं, तर मी स्वतः तुझ्याबरोबर उभी राहिले असते." मग म्हणाल्या, "तरीही सव्वीसला सभा बोलावते. मला झोप नाहीये."

२५ मार्च

दुपारी घरी आले तर जेवणाच्या टेबलावर होडीतली बसायची फळी. बाबांची जागा. स्क्रू काढून, खांद्यावर टाकून आणलेली. उलटी ठेवली होती. खालच्या बाजूला पेन्सिलने नंबर. चार आकडी. बारीक, ओळीने, तारखेसकट.

"सोडायच्या आधी वाचायचो," बाबा म्हणाले. "मोसम संपला की तुला दाखवणार होतो. तुझे एवढे जण भेटले, सगळे खुशाल आहेत म्हणून." मग फेब्रुवारीत आमचं बोलणं बंद झालं, आणि राहून गेलं. त्या दिवशी मी आकडा लागतो म्हणाले तेव्हा आठवली. पण चार दिवस धीर होईना म्हणाले, उलटी करून बघायचा.

मी फळी कुशीत घेतली. ओली होती, माशाचा वास. एकशे सदतीस! एका होडीचे एकशे सदतीस, जिथे सगळ्या धक्क्याचे मिळून चोवीस. रेघ भरली. धावत बाईंना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "फळी घेऊनच ये. वडिलांनाही आण."

पहिल्यांदा वाटतंय, वेळेत आहोत.

२६ मार्च

सभा दहाला. पहाटे उठून नंबर वहीत उतरवायला बसले.

वरच्या ओळींत सगळे वेगवेगळे. मधे मधे तेच नंबर पुन्हा. खाली खाली तेच तेच. एकशे सदतीस वेळा मासा लागलाय, आणि मासे आहेत एकोणचाळीस. जानेवारीपासून फक्त चार. शेवटच्या अकरा ओळी एकच नंबर — शून्य आठ सहा दोन. डबा रिकामा होत आलाय.

बाबा धुतलेला सदरा घालून तयार, माझ्या मागे उभे होते. त्या नंबरावर बोट ठेवलं त्यांनी.

"हा रोज यायचा गं. मला वाटलं, ओळखायला लागला मला."